लिंबाचा वण

पोलाद हे कापण्यासाठी नसून बघण्यासाठी जन्माला आलेलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या सातारा-सांगली मुलखात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा होता. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. पलूसजवळच्या एका गावात त्यांचा पाच एकर ऊस होता, एक बैलजोडी होती, दोन म्हशी होत्या. महायुद्ध संपलं, दाजी पल्टणीतून सुटून घरी आले, आणि या सगळ्याला मागे सारून त्यांच्या आयुष्यात एक घडीचा चाकू शिरला. वास्तविक तो पल्टणीनंच बाद केलेला चाकू. टोक मोडलेलं, पातं काळंठिक्कर, मुठीच्या पट्ट्या डांबरात बुडवून काढल्यासारख्या, आणि उघडताना असा कुरकुरायचा की बिनवंगणाची बैलगाडी परवडली. दुसऱ्या एखाद्यानं तो वैरणीच्या पेंढ्या सोडायला गोठ्यात टाकला असता. दाजींनी त्याला देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर जागा दिली आणि पुढची तीन वर्षं त्याची सेवा केली.

सकाळची न्याहारी झाली की दाजी ऊस गड्यांवर सोपवून घराच्या पुढच्या सोप्यात पाट मांडून बसत. समोर अक्काच्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला. त्यावर कानस, धारेचा दगड, काचकागदाचे तुकडे आणि चार वाट्या. पहिल्या वाटीत विटकरीची भुकटी, दुसरीत गोवरीची राख, तिसरीत खोबरेल तेल आणि चौथीत गेरू. विटकरीची भुकटी ते अक्काच्या पिठाच्या चाळणीनं चाळत आणि मग पुन्हा धोतराच्या पदरातून गाळून घेत. गेरूचा शोध त्यांना सांगलीच्या एका सोनाराकडे लागला होता. सोनार कसलीशी लाल पूड लावून दागिना चकाकवतो हे त्यांनी पाहिलं, आणि घरी येऊन तुळशीवृंदावनाला लावायला आणलेला सगळा गेरू स्वतःकडे जमा करून घेतला. त्या वर्षी वृंदावन तसंच राहिलं. अक्का कुरकुरली तेव्हा म्हणाले, "तुळशीला काय, ती काय आरशात बगती व्हय?"

काचकागद घ्यायला ते पार साताऱ्याला येत. मी तिथं शाळेत मास्तर होतो, त्यामुळे मुक्काम माझ्या खोलीवर. दुकानात गेल्यावर कागद बोटानं चाचपून बघायचा हा सर्वसाधारण जगाचा प्रकार त्यांना मंजूर नव्हता. ते कागद गालावर घासून बघत. डोळे मिटून, मान तिरकी करून, एक एक कागद दोन्ही गालांवर. एकदा दुकानदारानं अदबीनं विचारलं, "पाहुणे, दाढी करायची आहे का? पलीकडे न्हावी बसतो." दाजींनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "जरा दम धरा. ह्यो उजव्या गालाला बरा लागतोय, डाव्याला खरबरीत हाय. दोन मेळाचा माल दिसतोय." दुकानदारानं नंतर मला बाजूला घेऊन, यांच्या डोक्याला काही झालंय का, हे हळूच विचारून घेतलं.

काम पूर्ण झालं हे ओळखायची त्यांची खूण ठरलेली होती. पात्यात बघितल्यावर मिशीतला पांढरा केस दिसला पाहिजे. पहिल्या वर्षी पात्यात मिशीची नुसती सावली दिसे. दुसऱ्या वर्षी मिशी दिसू लागली, पण केस सुटे दिसेनात. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एक दिवस ते सोप्यातून ओरडले, "दिसला गं, दिसला!" अक्का पिठाच्या हातानं धावत आली. पात्यात खरोखरच एक पांढरा केस लखलखत होता. अक्काचं म्हणणं असं की काम सुरू केलं तेव्हा यांच्या मिशीत पांढरा केसच नव्हता. तो पिकायची वाट बघत इतके दिवस लागले.

या साऱ्या काळात त्या घरात आंबट पदार्थ म्हणजे शत्रू होता. आंबट लागलं की पोलाद काळं पडतं आणि तो डाग कायमचा, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की माझ्या वर्गातल्या पोरांना पाढे झाले नसतील तितकं मला ते पाठ झालं. घासायच्या दिवशी ते स्वतः लोणचं खात नसत, ताक पीत नसत, चिंच घातलेली आमटी तर नावसुद्धा नको. एकदा माझ्या खोलीवर मी जेवताना लिंबू कापायला सुरी शोधत होतो आणि त्यांचा चाकू समोरच पडला होता. मी नुसता हात पुढे केला, तर दाजी ताटावरून असे उठले की पाण्याचा तांब्या कलंडला. "मास्तर! पाप लागंल तुमाला!" असं म्हणून त्यांनी चाकू छातीशी धरला. लिंबू मी शेवटी दातानं फोडलं. तसं पाहिलं तर त्यांनी कुणालाच चाकूला हात लावू दिला नसता, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून ते आधी समोरच्याचा तळहात हातात घेत, ज्योतिषासारखा न्याहाळत आणि हळहळून सांगत, "हात खारट हाय वो तुमचा." त्यांच्या हिशोबानं पलूसपासून लोणंदपर्यंत गोड हाताचा माणूस एकही नव्हता.

मुठीचं प्रकरण वेगळंच. त्या डांबरी पट्ट्या काढून तिथं लाकूड बसवायचं ठरलं. बाभळ झाली, चिंच झाली, मनाला येईना. शेवटी त्यांचं लक्ष अक्काच्या शिसवी लाटण्यावर गेलं. "भाकरी तर तू थापतीस, लाटनं नुसतंच पडून आसतंय," असा कायदेशीर मुद्दा मांडून त्यांनी ते निम्मं कापलं. होळी आली तेव्हा अक्कानं राहिलेल्या अर्ध्या लाटण्यावर पुरणपोळ्या लाटल्या, त्या पुरीएवढ्या झाल्या. मला जेवायला बोलावलं होतं. मी सोळा खाल्ल्या आणि गावात माझं नाव झालं. मुठीच्या टोकाला पितळ हवं म्हणून त्यांनी बैलाच्या शिंगाच्या टोकावरची एक पितळी शेंबी काढून घेतली. बेंदराच्या मिरवणुकीत सगळ्या गावाची बैलं दोन दोन शेंब्या मिरवत होती, दाजींचा पवळ्या एकाच शेंबीनं मान वाकडी करून चालला होता. कुणी विचारलं की दाजी खिशातून चाकू काढून दाखवत आणि म्हणत, "दुसरी हितं हाय."

चाकू उघडताना होणारा आवाज हा त्यांच्या लेखी गाण्याइतका गंभीर विषय होता. पातं अडकवून धरणाऱ्या कमानीला करडईचं तेल घातलं तर आवाज बसका येतो, शेंगदाण्याचं घातलं तर फुटका, खोबरेल एकच थेंब घातलं तर नेमका 'टक्'. हा आवाज ते कानाशी धरून ऐकत आणि पाहुण्यांनाही ऐकवत. "आवाज घ्या," म्हणत. रामनवमीच्या कीर्तनात बुवांनी भरतभेट रंगवली, सगळा मांडव मुसमुसू लागला, बुवाही डोळे पुसायला क्षणभर थांबले. त्या शांततेत दाजींच्या बाजूनं स्पष्ट आवाज आला, 'टक्'. बुवा पुढचं विसरले. कीर्तन संपल्यावर मी त्यांना बोललो, तर निष्पाप चेहऱ्यानं म्हणाले, "इवढी शांतता परत कवा गावायची मास्तर? आवाज घिऊन टाकला."

आता एवढ्या सेवेनंतर त्या चाकूनं काही कापलं असेल असं कुणालाही वाटेल. त्यानं काहीही कापलं नव्हतं. उसाचं कांडं नाही, पेरू नाही, सुतळीचा तुकडा नाही. पहिला घाव कशाला घालायचा हे दाजींचं ठरत नव्हतं. मनाजोगतं काही समोर येईना. अक्का म्हणे, "एकदा तरी कांदा चिरून द्या त्यानं, माझी विळी बोथट झालीया." दाजी नुसतं हसत आणि चाकू मिटून खिशात घालत.

लोक मात्र कारण शोधतातच. एक माणूस रोज सकाळी एकच पातं घासतो आहे, याचा अर्थ गावानं आपल्या परीनं लावला. पारावर गावच्या न्हाव्यानं तो प्रथम मांडला. "इवढं घासतोय म्हंजी काय तरी पुसायला बगतोय," तो म्हणाला. काय पुसायला बघतोय ते सांगायची गरज उरली नाही. आठवड्याभरात दाजींनी ब्रह्मदेशच्या जंगलात त्या चाकूनं दोन माणसं मारल्याचं गावात सिद्ध झालं. पुढच्या वर्षी ती पाच झाली. न्हावी रांगेतली माणसं उठवून दाजींची दाढी आधी करू लागला. पारावर त्यांना मधली जागा मिळू लागली. कुस्त्यांच्या फडात नारळ फोडायला त्यांना बोलावणं येऊ लागलं. कुणी धीर करून विचारलंच की "दाजी, किती मारली वो?" तर ते चाकूकडे बघत आणि हळूच म्हणत, "आपल्याला त्यातलं काय बोलायचं न्हाई." त्यामुळे आकडा आणखी वाढे.

खरी गोष्ट त्यांनी मला एकट्याला सांगितली. काचकागद घ्यायला आले होते, चहा झाला होता, माझं लग्न ठरल्याचं मी त्यांना नुकतंच सांगितलं होतं. का कोण जाणे, त्यांना मन मोकळं करावंसं वाटलं. "मास्तर, मी लढाई बगितलीच न्हाई," ते म्हणाले. "चार वर्सं मध्य प्रांतात एका डेपोत भांडारावर हुतो. पोरं यायची, त्यांला पट्टा द्यायचा, तांब्या द्यायचा, चाकू द्यायचा. समुद्र तर मी मुंबईचाबी बगितला न्हाई."

"मग गावात सांगितलं का नाही?"

"पैल्याच दिशी लोकांनी येशीत हार घातला. हार गळ्यात आसताना 'मी भांडारात हुतो' आसं कसं म्हनायचं? मग ऱ्हाऊन गेलं ते गेलंच." त्यांनी चाकू खिशातून काढून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाले, "हजारो चाकू ह्या हातानं दिलं. न्हेनारी पोरं हसत जायाची. पुढं एकाचंबी काय झालं कळलं न्हाई. चाकूचंबी न्हाई, पोरांचंबी न्हाई. सुटताना सायबानं इचारलं काय पायजे, तवा मी ह्यो मोडका मागून घेतला. म्हनलं, एक तरी आपल्यापाशी ऱ्हाऊ द्या, त्येचं तरी नीट बगू." जाताना दारात थांबून त्यांनी मला बजावलं, "ह्ये गावात कळलं तर मला तोंड दावायला जागा न्हाई मास्तर. तुमच्या पोटात ऱ्हाऊ द्या." मी शब्द दिला.

माझं लग्न लोणंदजवळच्या एका गावी ठरलं होतं, वैशाखात, गोरज मुहूर्तावर. हळद लागल्यापासून लग्न लागून घरच्या देवाच्या पाया पडेपर्यंत नवरदेवानं हातात हत्यार धरायचं आणि त्याच्या टोकाला लिंबू खोचायचं, ही आमच्याकडची रीत. दृष्ट लागायची ती लिंबाला लागावी. आमच्या घरात पिढ्यांची एक कट्यार होती, तिच्यावर गंजाचे पापुद्रे चढले होते. चुलत्यांनी, माझ्या लहानपणीच वडील गेल्यामुळे तेच कर्ते होते, ती आठ दिवस आधी दाजींकडे पाठवली. चूक असलीच तर ती इथं झाली. दाजींनी हळदीच्या दिवशी कट्यार आणून दिली तेव्हा स्वतःच्या लग्नात तीच कट्यार हातात धरून बोहल्यावर चढलेल्या चुलत्यांनी तिला ओळखलं नाही. ती आरशासारखी झाली होती आणि निम्मी झाली होती. "लय जड हुती," दाजी म्हणाले. "फुकाट लोखंड कशापायी वागवायचं? कानशीनं हलकी केली."

वऱ्हाड आगगाडीनं लोणंदला उतरलं आणि बैलगाड्यांतून गावात पोहोचलं. दाजींच्या गावची पंधरा-वीस माणसंही आली होती, न्हावी त्यांच्या पुढं. नवरीच्या गावच्या मारुतीच्या देवळात आम्हाला उतरवलं. तिथून वाजतगाजत मांडवात जायचं. सकाळचं लिंबू उन्हानं सुकलं होतं म्हणून चुलत्यांनी नवं दिलं. मी ते कट्यारीच्या टोकावर दाबलं. खाड् असा आवाज झाला, आणि आमच्या पिढ्यांची कट्यार मधोमध मोडून तिचं टोक लिंबासकट मारुतीच्या पायरीवर जाऊन पडलं.

वाजंत्री आपोआप थांबली. गंजानं आतून खाल्लेली कट्यार, त्यात दाजींनी कानशीनं हलकी केलेली; दुसरं काय होणार होतं? पण मारुतीच्या दारात नवरदेवाचं हत्यार मोडलं ते मोडलंच. बायका पदर तोंडाला लावून कुजबुजू लागल्या. दाजी पायरीवर खाली बसले आणि ते दोन तुकडे एकमेकांना जुळतात का हे बघू लागले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"नवरदेव काय मोकळ्या हातानं मांडवात जानार?" चुलते गरजले. नवरीकडची मंडळी भली; त्यांनी घरातली सुरी देऊ केली. चुलते आणखी भडकले. "पोरगी तुमची घेतूय, सुरीबी तुमचीच घ्यायची? मग आमचं निस्तं पोरगंच व्हय?" हत्यार नवऱ्याकडचंच पाहिजे, यावर ते अडून बसले. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं कनवटीचा अडकित्ता काढून पुढे केला. "नवरदेव लगीन लावाय चाललाय, पान खायाला न्हाई," असं म्हणून चुलत्यांनी तोही परत केला. उन्हं कलली होती. गोरज काही कुणासाठी थांबत नाही.

तेवढ्यात न्हाव्याचा आवाज आला. "आवं, दाजींचा चाकू आसताना कट्यारीवाचून का आडलंय? ब्रह्मदेशात सतरा मानसं लोळवल्यात त्या चाकूनं!"

सगळ्यांच्या माना दाजींकडे वळल्या. दाजींचा हात खिशावर गेला. मी लिंबाकडे बघितलं आणि त्यांच्याकडे बघितलं. चुलते मात्र खूश झाले. पण नवरीची आत्या पुढे आली. आईवेगळ्या भाचीला तिनंच वाढवलं होतं, तिच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी नव्हतं. तिचा एकुलता मुलगा पल्टणीत होता, काश्मीरकडे, आणि तीन महिने त्याचं पत्र नव्हतं. हे आम्हाला सकाळीच कळलं होतं.

"रगात लागल्यालं हत्यार माझ्या पोरीच्या लग्नात न्हाई चालायचं," ती म्हणाली.

"आवं आत्याबाई, आमच्या कट्यारीनं काय देवपूजा केली हुती?" चुलते म्हणाले. "हत्यार म्हनल्यावर रगात आलंच."

"ती तुमच्या पंज्याच्या येळची. ह्येला किती वर्सं झाली? ज्यांला मारलं त्यांच्या आया आजून वाट बगत आसतील." ती वाटेत आडवी उभी राहिली. "माझंबी पोरगं तिकडं हाय. तिकडंबी कुनाच्या खिशात आसाच चाकू आसंल. मला न्हाई बगवायचं. मुहूर्त टळला तर टळू द्या."

दाजी त्या वेळी नुसते गप्प बसले असते तरी सगळं वाचत होतं. चाकू वाचत होता, पात्याचं तीन वर्षांचं पाणी वाचत होतं, गावातली अब्रू वाचत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बोलू नका, असं मला म्हणायचं होतं. लग्न काय, उद्या सकाळी लागलं असतं. पण दाजी उठले, दोन्ही तुकडे त्यांनी पायरीवर ठेवले, आणि पल्टणीत उभं राहतात तसे ताठ उभे राहिले.

"आत्याबाई," ते म्हणाले, "ह्या चाकूनं मानूस सोडा, आजून कांदाबी चिरला न्हाई."

"उगं सांगू नगा."

"मारुतीच्या दारात हुबा हाय. मी लढाईवर गेलोच न्हाई. डेपोत भांडारावर हुतो. पोरांस्नी चाकू द्यायचो, तेवढंच. ह्यो मोडका म्हनून बाद झाल्याला, म्या मागून घेतला. आन् घासत बसलो, कारन दुसरं काय येत न्हाई मला."

क्षणभर असं शांत झालं की टक् आवाज ऐकू आला असता. मग न्हाव्यानं केविलवाण्या आवाजात विचारलं, "आन् दाजी, मग ती सतरा मानसं?"

"ती तुमीच मारली," दाजी म्हणाले.

आधी कुणीतरी फिसकलं, मग सारं वऱ्हाड हसलं. दाजींच्या गावची माणसं सगळ्यात जास्त हसली. दाजी मान खाली घालून उभे होते, त्यांचे कान लाल झाले होते. हसली नाही ती फक्त आत्या. ती त्यांच्या अगदी जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हंजी कुनाचं लेकरू न्हाई न्हवं गेलं?"

"न्हाई आत्याबाई. कुनाचं न्हाई."

आत्यानं डोळ्याला पदर लावला आणि मग लिंबू मागितलं. धारेची वस्तू हातोहात देऊ नये, वैर येतं म्हणतात. म्हणून दाजींनी चाकू उघडून मारुतीच्या पायरीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरले. तिथं ठेवलेलं ते पातं मावळतीच्या उन्हात असं झगमगलं की बघणाऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले. आत्यानं ते उचललं. हात खारट आहे की गोड, हे दाजींनी बघितलं नाही. दाजींनी घासून नव्यानं काढलेल्या टोकात तिनं लिंबू खोचलं, आणि त्याचा रस एका सरळ ओघळानं पार मुठीपर्यंत आला. दाजींनी डोळे मिटून घेतले.

मंगलाष्टकांत माझं अर्धं लक्ष त्या चाकूकडेच होतं. घडीचा चाकू, मधेच मिटला तर नवरदेवाचं बोट जायचं. पण दाजींनी बसवलेली कमान, ती हलली नाही. लग्न मुहूर्तावर लागलं. एकदा लग्न लागलं की रीतीप्रमाणे लिंबू मधे काढायचं नव्हतं, ते दोन दिवसांनी आमच्या देवापुढं निघालं. तोवर पात्याच्या मधून एक काळानिळा पट्टा आरपार उमटला होता, टोकापासून मुठीपर्यंत.

गावात व्हायचं ते झालं. न्हावी दाजींना पुन्हा रांगेत बसवू लागला. पोरं त्यांना 'भांडारी' म्हणून चिडवू लागली. महिनाभर ते पाराकडे फिरकलेच नाहीत. अक्का मात्र शांत होती. "मला पैल्या दिसापास्नं ठावं हुतं," ती मला म्हणाली. "ह्यांच्यानं आढ्यावरची पाल मारवत न्हाई. ह्ये कुनाला मारनार?" इतकी वर्षं ती एका शब्दानं बोलली नव्हती, कारण त्यांना मधली जागा आवडत होती.

मला चैन पडेना. सुट्टी लागताच मी साताऱ्यातला सगळ्यात बारीक काचकागद, दोन्ही गालांवर घासून घेऊन, त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, आपण दोघं मिळून डाग काढू. दाजी सोप्यात बसले होते. पाट होता, पण चार वाट्या नव्हत्या. ते अक्काला कांदा चिरून देत होते, त्याच चाकूनं, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. काचकागद बघून ते हसले.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," ते म्हणाले. "चार वर्सं पल्टनीत काढली, पर अंगावर दावायला एक वण न्हवता. आता हाय एक. ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर त्या चाकूनं सगळं कापलं. कांदे, पेरू, सुतळी, उसाची कांडी, गावातल्या पोरांचे अडकलेले पतंगाचे दोरे. आत्याचा मुलगा दिवाळीला सुखरूप परत आला आणि मुद्दाम वाट वाकडी करून दाजींना भेटायला गेला. दोघं दिवसभर सोप्यात बसून एकमेकांच्या चाकूंचे आवाज घेत होते, असं अक्का सांगत असे.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे दिवस झाल्यावर अक्कानं तो चाकू उंबऱ्यावर ठेवला आणि मी तो उचलून घेतला. खंडेनवमीला माझी बायको त्याला हळदकुंकू लावते आणि दर वर्षी विचारते, "जरा घासू का हो?" मी नको म्हणतो. पातं आता पहिल्यासारखं मळकट झालं आहे, पण त्यातला तो काळा पट्टा अजून वेगळा ओळखू येतो. परवाच मी कमानीला तेल घातलं, दार लावून घेतलं आणि चाकू कानाशी धरून उघडला. आवाज आला, बरा आला. पण नेमका आला का, हे सांगायला कुणी नव्हतं. दाजी असते तर मान तिरकी करून म्हणाले असते, "एक थेंब जास्त झाला मास्तर." मला त्यांची फार आठवण येते. मी कापडानं तो जास्तीचा थेंब पुसून घेतला.